फ्लूची साथ आली की पहिले दोन दिवस असे सांभाळा (खास नाशिककरांसाठी)

आपल्याकडे फ्लू वर्षातून साधारण दोनदा जोर धरतो. एकदा पावसाळ्यात, जुलैपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, आणि दुसऱ्यांदा थंडीत, म्हणजे निफाडचा पारा पेपरात यायला लागतो तेव्हापासून द्राक्षांचा हंगाम उतरेपर्यंत, साधारण जानेवारी ते मार्च. या काळात सिडको काय, पंचवटी काय, नाशिकरोड काय, जिकडे बघावं तिकडे लोक खोकताना दिसतात आणि सगळे एकच म्हणतात, हवा बदललीय, व्हायरल आहे, होईल बरं. बहुतेकांचं बरं होतंही. पण त्याच घरातल्या आजीचं, शुगर असलेल्या काकांचं, सातव्या महिन्यातल्या सुनेचं तसं होईलच असं नाही, आणि त्यांच्यापर्यंत तो ताप बऱ्याचदा आजार अंगावर काढणाऱ्यानेच पोचवलेला असतो.

मी सिडकोत एका मेडिकलवर फार्मासिस्ट आहे. लोक काउंटरला येतात ते चौथ्या-पाचव्या दिवशी, घसा पार बसल्यावर, आणि म्हणतात मॅडम काहीतरी स्ट्राँग द्या. तोपर्यंत जे करता आलं असतं त्यातलं बरंचसं हातातून गेलेलं असतं, म्हणून हे सगळं पहिल्या दोन दिवसांभोवतीच लिहितेय.

दोन दिवसच का

व्हायरस अंगात शिरल्यापासून १ ते ४ दिवसांत, साधारण दुसऱ्या दिवशी, त्रास सुरू होतो. पण माणूस दुसऱ्याला आजार द्यायला लागतो तो त्रास सुरू होण्याच्या एक दिवस आधीपासून, आणि पुढे ५ ते ७ दिवस देत राहतो, लहान पोरं तर त्याहून जास्त. त्यातही सगळ्यात जास्त व्हायरस बाहेर पडतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत. आणि नेमके तेच दिवस आपण "थोडी कणकणच आहे" म्हणून कंपनीत जातो, पोरांना शाळेत पाठवतो, लग्नाला जाऊन येतो. दुसरी गोष्ट औषधाची. फ्लूवरचं जे खरं औषध आहे, ओसेल्टामिविर, ते त्रास सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. सिरीयस पेशंटला डॉक्टर नंतरही देतात, पण उशीर झाला की फायदा कमी होत जातो. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळते आणि ती सगळ्यांना लागतही नाही, कोणाला लागते ते खाली येतंय.

हा फ्लूच आहे का

साध्या सर्दीत नाक वाहतं, शिंका येतात, पण माणूस हिंडत-फिरत असतो. फ्लू एकदम पाडतो. सकाळी ठीक असतो आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप १०२ वर, अंग मोडून येतं, डोकं जड, घसा धरलेला, कोरडा खोकला, जेवण नको वाटतं. लहान मुलांना उलटी-जुलाबही होतात. म्हाताऱ्या माणसांना मात्र कधीकधी ताप फारसा येतच नाही, नुसती गळून जातात, गोंधळल्यासारखं बोलतात, जेवत नाहीत, तर त्यांच्या बाबतीत थर्मामीटरवर विसंबू नका.

पावसाळ्यात अजून एक भानगड असते ती डेंग्यूची. नाशकात त्या काळात डेंग्यू, चिकुनगुनियाही असतो आणि पहिल्या दिवशी ताप-अंगदुखी सगळ्यांची सारखीच वाटते. सर्दी-खोकला-घसा जोडीला असेल तर फ्लूकडे कल, ते काहीच नाही पण डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंगावर लाल पुरळ आहे, तर डेंग्यूचा विचार करून डॉक्टरकडे रक्त तपासून घ्या. आणि हे नक्की होईपर्यंत ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, डिस्प्रिन असल्या गोळ्या घेऊ नका प्लीज, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. साधी पॅरासिटामॉल घ्या, बास. फ्लू असताना १८ च्या खालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन (म्हणजे डिस्प्रिन वगैरे) कधीच द्यायची नाही, त्याने रेये सिंड्रोम नावाचा लिव्हर आणि मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो.

पहिला दिवस

कणकण वाटली की पहिलं काम म्हणजे घरी थांबा. काढा, वाफ, गोळी हे सगळं त्याच्यानंतर. "आज मीटिंग आहे", "आज पेपर आहे" हे मला सगळं माहितीय, तरी सांगते की तुमच्या त्या एका दिवसाने ऑफिसातले चार जण पुढच्या आठवड्यात आडवे पडू शकतात.

घरात वेगळी खोली असेल तर आजारी माणसाने तिथे झोपायचं, खिडकी उघडी. पण आमच्या सिडकोत वन बीएचकेमध्ये सहा माणसं राहतात, वेगळी खोली कुठून आणणार, तर अशा वेळी आजारी माणसाचं अंथरूण खिडकीजवळ, बाकीच्यांपासून शक्य तेवढं लांब, डोकी एका बाजूला यायला नकोत, आणि घरात कोणी म्हातारं किंवा तान्हं असेल तर झोपायची सोय त्यांची आतल्या खोलीत. आजारी माणसाने घरातही मास्क लावावा, निदान कोणी जवळ येईल तेव्हा तरी. टॉवेल, पाण्याचा ग्लास वेगळा. घरात स्वयंपाक करणारीच आजारी असेल (आणि बऱ्याचदा तीच असते आणि तिला कोणी झोपू देत नाही) तर दोन दिवस दुसऱ्या कोणीतरी कुकर लावा, वरण-भात सगळ्यांना जमतो.

हात साबणाने २० सेकंद. दाराची कडी, रिमोट, मोबाइल, नळ हे रोज एकदा पुसून घ्या, कडक गुळगुळीत वस्तूंवर हा व्हायरस दिवसभर, कधी दोन दिवसही टिकतो. तान्ह्या बाळाच्या आईला फ्लू झाला तर अंगावरचं दूध बंद करायचं नाही. हात धुवून, मास्क लावून पाजायचं.

गोळ्यांचं आता नीट सांगते कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० ची एक, दोन डोसमध्ये निदान ६ तास जाऊ द्या. दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर कुठल्याही परिस्थितीत नाही, आणि ज्यांना लिव्हरचा त्रास आहे किंवा रोज पितात त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये. आता बघा, सर्दीच्या ज्या तयार गोळ्या मिळतात त्यातल्या बहुतेकांत पॅरासिटामॉल आधीच असते. लोक सर्दीची गोळीही घेतात, तापाची वेगळी घेतात, वर अंगदुखीची तिसरी, आणि तिन्हीत तेच औषध. पाकीट मागून वाचा, नाहीतर काउंटरवर विचारा, विचारल्याचं कोणाला वाईट वाटत नाही. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर असतो, एका वेळी किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, पण बाटलीगणिक सिरपची ताकद वेगळी असते म्हणून किती एमएल ते डॉक्टर किंवा फार्मासिस्टकडून लिहून घ्या आणि घरातल्या चमच्याने देऊ नका, बाटलीबरोबरचं माप वापरा.

खोकल्याचं सिरप दोन वर्षांच्या आतल्या बाळाला द्यायचंच नाही आणि पाचच्या आत शक्यतो नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला भेसळीच्या सिरपने लेकरं गेली ते सगळ्यांनी वाचलंय, त्यानंतर केंद्राने परत हेच सांगितलं. वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालतो. वर्षाच्या आत मध अजिबात नको.

अँटिबायोटिकचं तर मी रोज सांगून दमते. "अ‍ॅझी द्या तीन गोळ्या." फ्लू व्हायरसने होतो, अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन व्हायरसला काहीही करत नाही. मार्च २०२३ ला एच३एन२ (फ्लूचाच एक प्रकार) ची साथ होती तेव्हा आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्याच देशभरच्या संघटनेने, डॉक्टरांना पत्रकच काढलं होतं की हे थांबवा, ताप तीन दिवसांत उतरतो, खोकला तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, अँटिबायोटिकची गरज नाही. तो तीन आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवा, कारण बरे झालेले लोक दहाव्या दिवशी "खोकला जाईना" म्हणून घाबरून परत तेच मागायला येतात. न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक लागतं, पण ते डॉक्टर छाती तपासून ठरवतील. सलाईनचंही तसंच. तोंडाने पाणी, पेज, ताक, सूप जात असेल तर सलाईनने ताप लवकर उतरत नाही.

काढा प्या, हळदीचं दूध प्या, घशाला बरं वाटतं. त्याने व्हायरस मरतो असं मात्र नाही. वाफ मोठ्यांनी सांभाळून घ्यावी, लहान मुलांना गरम पाण्याच्या पातेल्यासमोर बसवू नका, पातेलं कलंडून पोरं भाजतात.

दुसरा दिवस: कोणी थांबायचं, कोणी जायचं

केंद्राच्या आरोग्य खात्याने यासाठी ए, बी, सी असे गट केलेत आणि ते घरातल्या माणसालाही समजण्यासारखे आहेत. ए म्हणजे साधा ताप, खोकला, घसा, अंगदुखी. यांनी घरी राहायचं, टेस्टची गरज नाही, ओसेल्टामिविरची गरज नाही, एक-दोन दिवसांनी परत बघायचं कसं आहे. बी म्हणजे वरचं सगळं आणि जास्त ताप, घसा खूपच दुखतोय, किंवा मग लक्षणं साधी आहेत पण माणूस जोखमीचा आहे. यांनी डॉक्टरला दाखवायचं, ओसेल्टामिविर द्यायचं का ते डॉक्टर ठरवतात. सी म्हणजे दम लागतोय, छातीत दुखतंय, बीपी पडलंय, थुंकीतून रक्त, ओठ-नखं निळी, गुंगी. सी असेल तर ताबडतोब अ‍ॅडमिट, घशाचा स्वॅब आणि औषध लगेच.

जोखमीचा म्हणजे कोण, तर ६५ च्या पुढचे, पाचच्या आतली मुलं (दोनच्या आतली तर जास्तच), गरोदर बायका, दमा, डायबेटिस, हार्ट, किडनी, कॅन्सरची ट्रीटमेंट, स्टिरॉइड चालू असलेले. यांनी दुसऱ्या दिवसाचीही वाट बघायची नाही, ताप आला त्याच दिवशी डॉक्टर, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, काल संध्याकाळी सुरू झालंय, मला शुगर आहे, घरात अजून दोघांना झालंय. किती तास झाले हे सांगितलं की डॉक्टरला ओसेल्टामिविरचं ठरवणं सोपं जातं. पैशाची अडचण असेल तर सिव्हिल आहे, महापालिकेचं कथड्यातलं डॉ. झाकीर हुसेन हॉस्पिटल आहे, नाशिकरोडला बिटको आहे. नुसता सल्ला हवा तर १०४ ला फोन, अँब्युलन्स १०८.

कोरोनातलं ऑक्सिमीटर कपाटात पडलं असेल तर सेल बदलून बाहेर काढा. ९४ च्या खाली जात असेल तर सी गट समजा आणि निघा. लहान मुलांत आकड्यापेक्षा श्वास बघा, बरगड्या आत ओढल्या जातायत का, दूध-पाणी घेत नाही, लघवी कमी झालीय, उठवलं तरी नीट उठत नाही. आणि एक खूण फार महत्त्वाची, ताप उतरला, बरं वाटलं, आणि दोन दिवसांनी परत जोरात ताप आणि खोकला. हा बऱ्याचदा वरून झालेला न्यूमोनिया असतो, तिथे थांबायचं नाही.

रिपोर्टवर "एच१एन१" आला की घरात रडारड सुरू होते, कारण लोकांना २००९ आठवतं. तेव्हा स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता. पण तो व्हायरस आता दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग झालाय, एच३एन२ आणि बी टाइपसोबत फिरत असतो. म्हणून तो हलका झाला असं नाही, २०१५ ला देशात ४२ हजारांवर केसेस झाल्या होत्या, पण नावाने घाबरू नका, वरचे ए-बी-सी बघा, ते सगळ्या टाइपला सारखेच लागू आहेत.

परत कामावर कधी? तापाची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तेव्हा, आणि पुढचे चार-पाच दिवस मास्क लावून.

आपली गल्ली, शाळा, कंपनी

साथ वाढते ती घराबाहेर, म्हणून इथे थोडं सविस्तर.

सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला तरी फरक पडतो. "आमच्याकडे दोघांना ताप आहे, दोन-तीन दिवस कोणी येऊ नका, काही लागलं तर सांगू." यात लाजण्यासारखं काय आहे? उलट शेजारची आजी त्यामुळे वाचते. आणि बिल्डिंगमध्ये कोण म्हातारं एकटं राहतंय, ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला किंवा बाहेरच्या देशात आहेत, त्यांची यादी सेक्रेटरीकडे असावी, साथीच्या दिवसांत त्यांना रोज एक फोन आणि डबा-औषध दाराशी.

शाळांना एक विनंती आहे. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस फ्लूच्या महिन्यांत तरी बंद करा, त्यापायी पोरं ताप दाबून येतात आणि आईवडीलही सिरप पाजून पाठवतात. मग व्हॅनमध्ये, रिक्षात पोरं दाटीवाटीने बसलेली, पावसामुळे पडदे पाडलेले. रिक्षावाल्या काकांना सांगा, एका बाजूचा पडदा थोडा वर ठेवा. वर्गातही समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या राहिल्या तरी हवा खेळती राहते.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांचं दुखणं वेगळं आहे. कंत्राटी कामगाराला सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार गेला, म्हणून तो तापात शिफ्ट करतो, त्याला मी काय नावं ठेवणार. ईएसआयसीचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, त्यांच्याच डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि ठराविक दिवस भरलेले लागतात. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे ज्या दोन दिवसांत त्याने घरी राहणं सगळ्यांत गरजेचं तेच बिनपगारी. सुपरवायझर, एचआरवाल्यांनो, तेवढे दोन दिवस तुमच्याकडून द्या, अख्खी लाईन आजारी पडण्यापेक्षा ते नक्की स्वस्त पडेल.

द्राक्षबागायतदारांसाठीही हेच. छाटणीपासून खुडणीपर्यंत पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात, एका शेडमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं राहतात, पिकअपमध्ये खचाखच भरून बागेत जातात, आणि खुडणीचा हंगाम नेमका थंडीतल्या फ्लूचा असतो. शेडवर साबण आणि पाण्याची टाकी, एक थर्मामीटर, पॅरासिटामॉलचं पाकीट ठेवा, ताप आलेल्याला दोन दिवस बसून हजेरी द्या आणि त्याच्या घरच्यांना जवळचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) कुठे ते दाखवून ठेवा. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या येतात त्यांच्या मुक्कामालाही हेच लागू, विशेषतः रात्री झोपताना म्हातारे वारकरी आणि खोकणारे वेगवेगळ्या खोलीत. रंगपंचमीला अंगात ताप असेल तर रहाडीत (रंगाच्या हौदात) उडी मारू नका, पुढच्या वर्षी मारा. गणपतीत आरती मांडवाच्या उघड्या बाजूला घ्या आणि खोकणाऱ्याने प्रसाद वाटायला बसू नये.

लस

जोखमीच्या यादीत कोणी असेल, किंवा अशा माणसासोबत तुम्ही एका घरात राहत असाल, तर लस घ्या. व्हायरस रूप बदलत राहतो म्हणून डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या लसीत कुठले प्रकार घ्यायचे ते सांगतं आणि म्हणूनच ही दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्याआधी, एप्रिल ते जून, घेतलेली बरी, कारण अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे जातात. डॉक्टरला विचारा की ही नवीन सीझनची आहे ना. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला चालते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. गरोदरपणात चालते, उलट बाळालाही जन्मल्यावर पहिले काही महिने त्याचं संरक्षण मिळतं.

लस घेऊन फ्लू होतच नाही असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. लसीतले प्रकार जुळले तर धोका साधारण ४० ते ६० टक्के कमी होतो, आणि झालाच तर अ‍ॅडमिट होण्यापर्यंत वेळ जायची शक्यता कमी. "लस घेतली आणि फ्लूच झाला" असंही ऐकते मी, पण इंजेक्शनच्या लसीत जिवंत व्हायरस नसतो, दंड दुखतो, एक-दोन दिवस अंग गरम लागतं, बास. प्रायव्हेटला साधारण दीड ते अडीच हजाराच्या आसपास पडते, ही रक्कम मोठी आहे हे मान्य, घरात एकालाच परवडत असेल तर आजी-आजोबा किंवा गरोदर बाईला आधी. राज्य सरकारने मागे गरोदर महिला आणि शुगर-बीपीवाल्यांना ही लस मोफत दिलेली आहे, त्यामुळे पैसे भरण्याआधी महापालिकेच्या दवाखान्यात एकदा चौकशी करा.

आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत, म्हणजे पावसाळी फ्लूच्या ऐन दिवसांत अख्ख्या देशातून माणसं गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) येणार आणि आपल्या सगळ्यांच्या घरी पाहुणे उतरणार. त्या वर्षी घरातल्या म्हाताऱ्यांची लस मे संपायच्या आत उरकून घ्या, पाहुण्यांचं अंथरूण आजीच्या खोलीत घालू नका आणि येणाऱ्याला फोनवरच सांगा, निघताना अंगात कणकण असेल तर हे स्नान राहू दे, पुढच्याला ये.